बिरूच्या ढोलाची पाळी

मोठ्यांचा मान ठेव म्हणता ना, मग सांगलीचं ऐका. कॉलेज सोडून मी क्लॅरिनेट वाजवतो. एका मंडळाने मुद्दाम नवी रचना करून घेतली होती: माझं क्लॅरिनेट, पुण्याच्या मुलीचा चेलो आणि जतच्या बिरूचा धनगरी ढोल. आधी आम्ही दोघं वाजवणार, मग पाऊण मिनिट शांतता, आणि मग एकट्या बिरूचा ढोल. तो ऐकायला त्याची आई पहाटेच्या एसटीने आली होती.

शांतता सुरू झाली आणि अध्यक्षांनी माइक धरला. "अतिशय सुंदर! आता आभार."

मी ओरडलो, "आवं, संपलं न्हाई अजून!"

"बाळ, वेळेचं भान ठेवावं," ते म्हणाले. त्याआधी तासभर हेच लोक एकमेकांना शाली पांघरवत होते.

चेलोवाली मुलगी गाडी पकडायला पळाली. खुर्च्या उचलायला लागले, तरी भाषणांत पेंगलेली बिरूची आई बसूनच होती.

"तुझं कवा हाय रं?"

बिरू ढोलाला खोळ घालत म्हणाला, "झालं की आये. तुझा डोळा लागला तवा."

"मग उठवायचं न्हाई व्हय रं मला?"