खाऱ्या पान्यावरची कालवड

माहं मायेर वरूडाकडचं, संत्र्याच्या बागाइतीतलं, अन् सासर हे दर्यापूरजवयचं, खारपानपट्ट्यातलं. आता तुमी शयरातून आले, तुमाले खारपान काय सांगू, इहिरीत पानी भरपूर, पन तोंडात घेतलं तं मिठाचं. साबन फेस धरत नाई, डाय शिजत नाई, चुलीपाशी बसून बाईचे डोये जाते. आमच्या मायेरी म्हनत, पोरगी घरात ठेवा पन खारपानात देऊ नका. माह्या बापानं कायीभोर जमीन पाह्यली अन् हो म्हनून आला. जमीन पाह्यली, पानी चाखलं नाई.

तं तुमी ढोरायचं इचारलं. पयले घरोघरी जवारी होती, जवारी म्हंजे कडबा, मानसाले भाकर अन् ढोराले धांडे, एकाच पिकात दोघायचं भागे. मंग सारे सोयाबीनच्या मांगं लागले, कडबा गेला, हाती रायलं कुटार, म्हंजे शेंगाचा भुसा जी. पिकाचं काई खरं नाई, चाऱ्याचं त्याहून नाई, लोकायनं ढोरं इकून टाकली. आमी दोन गोऱ्हे ठेवले होते, वर्षा-सव्वावर्षाचे.

वर्षाच्या वासराचा हिवाया कठीन. मायचं दूध तुटलेलं असते अन् अंगात मोठ्या ढोराची ताकद आलेली नसते. मोठ्यात बांधलं तं मोठी शिंग दाखवते अन् हे बिचारे उपाशी उभे रायते. म्हनून मी यायले वेगयं बांधो. सकाई भिजवलेली ढेप, म्हंजे सरकीची पेंड, मंग सोयाबीनचं कुटार, तेबी चायून, नाई तं धूय नाकात जाते अन् ढासते. तुरीचं कुटार सांजीले, कावून का ते त्यायले आवडते, चांगलं शेवटी असलं म्हंजे दिवसभर आस रायते. पोरायलेबी मी तसंच वाढो. रातच्याले पाठीवर पोतं. अन् पानी दुपारी, ऊन चढल्यावर, भरपूर पाजाचं, कावून का कोरडं कुटार पोटात गेलं अन् वरून पानी नाई गेलं तं पोट बांधते. ढोरायले चाटाले मिठाचा खडा दुसऱ्या गावात लागते, आमच्या इथं इहिरीतच हाये.

त्याच हिवायात माह्या भावाचा निरोप आला. त्याच्याकडं बोरचं पानी आटलं, संत्र्याची झाडं उभी वायली, त्यानंबी सारी ढोरं इकली, पन आमच्या मायच्या तांब्या गाईच्या वंशाची एक कालवड होती, ते त्याच्यानं इकवेना. बाई, तू ने, म्हने. माय जाऊन लय दिवस झाले होते, घर भावानं नवं बांधलं, मायच्या हातचं जित्तं असं तेवढंच रायलं होतं. आली मंग छोट्या हत्ती टेम्पोत उभी राहून, नाकाडी वर करून, जशी पाटलाची लेक. मी तिचं नाव तांबीच ठेवलं.

अन् पानी पेईना ना जी. घमेल्यात नाक घाले, फुरकन वर काढे, अन् माह्याकडं पाहे. एक दिस, दोन दिस. पानी नाई म्हनून कुटार नाई, शेन पडे तं गोट्यावानी. आमचा बुढा, म्हंजे माहा नवरा, मानूस वाईट नाई, पन ढोराच्या बाबतीत साफ बोलते. म्हने, पोट बांधून मरन दावनीले, त्यापेक्षा येत्या बाजारी इकतो, मंग जे तिच्या नशिबी असन ते. बाजारात दुबयी कालवड कोन पोसाले नेते, हे त्यालेबी ठाव होतं अन् मलेबी.

त्या राती मले माही सासू आठोली. मी नवी नवरी आली तवा चहाचा पयला घोट मी अंगनात थुकला होता, साऱ्या बायांसमोर. कोनी हासलं, सासू हासली नाई. माह्यासाठी ते नदीकाठून गोडं पानी आने, माह्या लोट्यात भरे. मले वाटे, किती माया करते. अन् एक दिस म्हनते कशी, पोरी, आज तू सारं इहिरीचंच पेली. रोज गोडं कमी करत गेली अन् खारं वाढवत गेली होती बुढी, माह्या जिभेले पत्ता नाई लागू देला.

मी तेच केलं. नयाचं गोडं पानी आठ-आठ दिस येत नसे, मानसालेच पुरत नसे, बुढा म्हने हे पानी ढोराले देतं काय. मी म्हनलं, माह्या वाट्याचं देतो, मी इहिरीचं पेतो, मले सवय हाये. गोडं पानी, त्यात ढेपीचं पानी, त्यात इहिरीचं घोटभर. दुसऱ्या दिसी घोटभर जास्त. पेली. पन बाजार आला तरी निव्वय खारं तिच्या तोंडी लागलं नव्हतं.

बाजाराच्या दिसी बुढ्यानं सकाई दावं सोडलं. मी चुलीपाशीच बसून रायली, पाहाले गेली नाई, रडू आलं मले, खोटं कावून सांगू. इहिरीजवय हौद हाये, तिथून रस्ता जाते. तिथं ते थांबली, मान खाली घातली, अन् पेली. ढेप नाई, गोडं नाई, निव्वय खारं. लय येळ पेली. बुढा दावं धरून उभा. मंग परत घेऊन आला अन् म्हने, पेते तं मंग, बांध तिले. आंघोय करून नवा शर्ट घातला होता त्यानं बाजारासाठी, तसाच कुटार चायाले बसला.

आता तांबीले तीन वेत झाले. तिची वासरं इथलीच, जल्मापासून खारंच पेते, त्यायले काई शिकवा लागत नाई. गोऱ्हे बैल झाले. बुढा आता तिच्याच दुधाचा चहा पेते.

मांगच्या दिवायीत मी मायेरी गेली. भावाच्या जुन्या इहिरीत अजून पेन्यापुरतं हाये. भावजयीनं लोटा देला, मी घोट घेतला, अन् काय सांगू तुमाले, आयनी लागलं जी, बिनमिठाच्या भाजीवानी. माह्या मायचं पानी मले आयनी लागलं. मी कोनाले सांगतलं नाई, सारं पेली. येतांना एक बाटली भरून आनली, तांबीसाठी, म्हनलं तिलेबी मायेर भेटू दे. घमेल्यात ओतलं. तिनं नाक घातलं, फुरकन वर काढलं, अन् माह्याकडं पाह्यलं.

मी म्हनलं, चाल माय, इहिरीवर.