दार कसं लागलं

दुभाषीबाई : आता डोळे मीट आणि समोर एक दार आण. आत तुझा धाकटा भाऊ झोपलाय. कसं लावशील ते दार?

मुलगी : हळूच. कडीसुद्धा वाजू न देता.

दुभाषीबाई : शाबास. ते झालं क्लोज. आता बाहेर धुळीची वावटळ उठलीय, तू धावत येतेस...

मुलगी : शट. मला येतात हो सगळे शब्द. वर्गात इंग्रजीत माझाच पहिला नंबर असतो.

दुभाषीबाई : ते कळलंच मला. मघाशी डॉक्टरांसमोर मी तोंड उघडायच्या आत तूच घडाघडा बोललीस, 'द डोअर क्लोज्ड ऑन हर हँड.'

मुलगी : मग चुकलं काय त्यात? आईच्या वतीनं सगळीकडे मीच बोलते. दुकानात, शाळेत, मागच्या वेळी इथे दवाखान्यातसुद्धा.

दुभाषीबाई : म्हणून तर या वेळी त्यांनी मला बोलावलं. घरच्यांचं दुखणं लेकरांनी इंग्रजीत सांगायचं नाही, असा इथला नियम आहे. मागच्या वेळी काय झालं होतं?

मुलगी : बरगडी मोडली होती. मी 'स्लिप्ड' सांगितलं.

दुभाषीबाई : घसरली होती आई?

मुलगी : ते शब्द बाबांनी शिकवलेत. न्हाणीघर असलं तर स्लिप, जिना असला तर फॉल.

आई : चिमे, पुरे झालं.

दुभाषीबाई : डॉक्टर एक्स-रे बघून येतच असतील. ते मला विचारत होते, नुसत्या क्लोज झालेल्या दारानं चार बोटांचा असा चुरा होतो का?

मुलगी : अजून एक शब्द आहे. स्लॅम.

दुभाषीबाई : आहे. तो कधी वापरायचा?

मुलगी : रागानं, सगळा जोर लावून, भिंत हादरेल असं लावलं की. पण बाई, स्लॅम एकदाच होतं ना? बाबांनी एका हातानं आईचं मनगट चौकटीत दाबून धरलं, आणि दुसऱ्या हातानं दार... परत परत. हाडाचा आवाज आला तरी थांबले नाहीत. मी दंडाला चावले, तर मला भिंतीवर भिरकावलं. ह्या सगळ्याला कुठला शब्द आहे?

दुभाषीबाई : ह्या सगळ्याला एक शब्द कुठल्याच भाषेत नाही, पोरी. आत्ता बोललीस ना, तसंच सांगायचं असतं.

आई : काही सांगू नका, बाई. दार लागलं बोटांवर, एवढंच म्हणा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलगी : मूठ झाकायला बोटं तरी धड हवीत ना, आई!

दुभाषीबाई : ताई, तुम्ही म्हणाल ते मी जसंच्या तसं सांगणार. माझं कामच ते. 'लागलं' म्हणालात तर 'क्लोज्ड' सांगेन. मग ते बोटं बांधून तुम्हाला घरी पाठवतील. 'आपटलं' म्हणालात, तर आज तुम्हाला त्या घरी जावं लागणार नाही.

आई : आणि छोटू? तो बाहेर त्यांच्या मांडीवर आहे. मुद्दाम घेऊन बसलेत. आत येताना माझ्या कानात म्हणाले, 'नीट बोल. पोराची मान फार नाजूक असते.'

दुभाषीबाई : अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?

आई : कुणी विचारलं? जो तो बोटांचंच विचारतोय.

दुभाषीबाई : मी पहारेकऱ्याला बोलावते.

आई : नको, पाया पडते! गणवेश दिसला की त्यांचं डोकं फिरतं.

मुलगी : आई, छोटू माझ्या कडेवर असला तर? मग कुठला शब्द म्हणशील?

(आई दाराच्या फटीतून बाहेरच्या बाकाकडे बघते.)

मुलगी : लवकर सांग ना गं.

आई : आपटलं. त्यांनी माझ्या बोटांवर दार आपटलं. परत परत आपटलं.

दुभाषीबाई : थांब पोरी, एकटी जाऊ नकोस.

मुलगी : एकटीलाच देतील ते. त्यांना वाटतं, मी अजून त्यांचेच शब्द बोलते.

दुभाषीबाई : मग मी इथे उंबऱ्यात उभी राहते. तुझ्यावरची नजर काढणार नाही.

(मुलगी डोळे पुसते, केस मागे सारते आणि बाहेरच्या बाकापाशी जाते.)

मुलगी : बाबा, मी 'क्लोज्ड'च सांगितलं. घरी जा म्हणाले डॉक्टर. द्या छोटूला इकडे, तुम्ही गाडी काढा.