बिनदेवाचं गाव

कोकिळा : चारची यष्टी जामच्या चौकात दोन मिनिटंही थांबत नाई, बाबा. न्यायचं असन मले तर आत्ताच निघू.

अण्णाजी : थांब वो पोरी. जवाईबापू हात धुवून राह्यले ना? त्याइच्या तोंडून ऐकू, मग उचलजो पिशवी. पोरीचा बाप असलो तरी एकाच बाजूचं ऐकून निवाडा करणारा मी नाई.

चंद्रभान : रामराम मामाजी. बोरगावहून येता म्हणून सांगाले पाहिजे होतं. दुकान लवकर बंद केलं असतं. एका ट्रकवाल्याचा शाफ्ट लेथवर चढला होता... हे पिशवी कोणाची?

कोकिळा : माही.

चंद्रभान : कुठी निघाली?

अण्णाजी : ते तुमच्या जबाबावर हाय. जबाब पटला तर कुठीच नाई. नाई पटला तर माह्यासंगं बोरगावले. आता बसा. हा फोटो ओळखता?

चंद्रभान : माहाच हाय. पेटीच्या तळाले होता हा.

कोकिळा : तळाले, गरम कोटाच्या घडीत. चार वर्षं झाले लग्नाले, एकदा दाखवला नाई. मी कोट उन्हात घालाले काढला तवा पडला.

अण्णाजी : पाहा आता. हातगाडीवर गोटे. भवताल डोक्याले रुमाल बांधलेल्या बाया. मागं अर्धं बांधलेलं देऊळ, वर क्रूस. अन् हा काळ्या झग्यातला पाद्री तुमच्या खांद्यावर हात टाकून हासून राह्यला. तुमच्या आधीच्या कारखान्यानं तुमाले पोलंडात पोलाद शिकाले धाडलं होतं का हे शिकाले? मी सरळच विचारतो. तुमी तिकडे बाटले का?

चंद्रभान : मामाजी! बाटलो असतो तर एकादशी काऊन केली असती?

अण्णाजी : साबुदाणा कोणालेही आवडते. तो काही पुरावा नाई.

कोकिळा : अन् हेलेना कोण? दर सहा महिन्याले तिचा कागद येते. पाकिटावरचं नाव पोस्टमास्तर वाचून दाखवते, आतलं काय लिवलं ते ब्रह्मदेवालेही समजणार नाई. तुमी मात्र दुकानात बसून दोन-दोनदा वाचता. गणपत वेल्डर सांगे, वाचताना डोळे पुसता म्हणून.

चंद्रभान : हेलेना? अवो, ते साठीच्या वरची हाय! कारखान्याच्या कॅन्टीनमधे सूप वाढे. तिच्याच घरी खोली होती माही.

कोकिळा : साठीची म्हणायले काय जाते?

चंद्रभान : याच फोटोत हाय ना. डावीकडची. तोंडात समोरचे दात नाईत ते.

कोकिळा : हे? ... हे तर आपल्या सुलोचना आत्यासारखी दिसते.

अण्णाजी : सुलोचनेचं नाव मंधात आणू नको. बाईचा सवाल मिटला, देवाचा राह्यला. जवाईबापू, हे माहं उपरणं अंथरलं खाली. चपला काढा अन् याच्यावर उभे राहा.

चंद्रभान : काऊन?

अण्णाजी : पन्नास वर्षं मी कीर्तन ऐकून राह्यलो. बुवा जिथं उभा राह्यते ते नारदाची गादी. तिथं गोसावी येवो का सावकार येवो, उभं राहून खोटं बोलता येत नाई. जीभ अडते. माह्या डोळ्यादेखत एक बुवा दारूच्या निषेधाचं आख्यान लावता लावता अडकला अन् आपलीच बाटली कबूल करून बसला.

चंद्रभान : मी फिटर माणूस, मामाजी. मले आख्यान कुठी लावता येते?

कोकिळा : उभे राहा म्हणते ना बाबा.

चंद्रभान : बरं बापा. राह्यलो.

अण्णाजी : सांगा आता. गाव कोणतं, कोण्या राजानं वसवलं?

चंद्रभान : नोव्हा हूता. म्हणजे नवी भट्टी. राजानं नाई, सरकारनं वसवलं, आपलं स्वराज्य आलं त्याच्या दोन वर्षानंतर. पह्यले तिथी शेतं होती. आपल्यासारखी काळीभोर जमीन, गहू न् कोबी. हेलेनाच्या बापाचं वावरही त्याच्यातच गेलं. त्याच वावरावर आता झोतभट्टी उभी हाय. खेड्यापाड्यातले जवान पोट्टे आले, गमबूट घालून चिखलात उभे राह्यले, त्याइनंच विटा रचल्या अन् मंग त्याच भट्टीवर कामाले लागले. रस्ते असे रुंद का चार बंड्या संगं चालन. शाळा, दवाखाना, नाटकघर, बगीचा, लाखभर माणसाले पुरन असं सारं बांधलं.

अण्णाजी : अन् देऊळ?

चंद्रभान : तेच नाई बांधलं. सरकार म्हणे, हे कामगाराचं गाव, इथं देवाचं काम नाई.

अण्णाजी : लाखभर माणूस अन् देऊळ नाई? घरात मयत झाली तर लोक कुठी जमत?

चंद्रभान : त्याइनं मैदानात एक लाकडी क्रूस उभा केला. दोन-तीन वर्षानं सरकारनं तो काढाले माणसं धाडली, म्हणे शाळा बांधायची हाय. बाया आडव्या झाल्या. हेलेना होती त्याच्यात. ज्या हातानं कॅन्टीनात पळी धरे, त्याच हातानं माती फेकली म्हणे. मंग दगडफेक, पोलीस, लाठ्या, धूर. किती तरी लोक तुरुंगात गेले. पण क्रूस राह्यला.

अण्णाजी : ... हं. पुढं?

कोकिळा : बाबा, तुमी तर रंगून गेले. विचारा ना, याइचा काय संबंध त्याच्यात?

अण्णाजी : विचारतोच हाय. तुमचा काय संबंध, जवाईबापू? गमबूटवाल्याइनं भट्टी बांधली, बाया लढल्या, ठीक. तुमी वर्ध्याचे. तुमी हातगाडी काऊन ढकलली?

चंद्रभान : माही गफलत झाली. नवीनच गेलतो, भाषा येत नव्हती. पह्यल्याच रविवारी फिराले निघालो तर उघड्यावर चार-पाच हजार माणूस उभं. वरून बर्फ पडून राह्यला, डोक्यावर छप्पर नाई, अन् सारे गाऊन राह्यले. मले वाटलं, सप्ता बसला.

अण्णाजी : सप्ता!

चंद्रभान : सांगतो ना, गफलत झाली. बाजूले देवळाच्या भिंती चढत होत्या अन् माणसाइची रांग लागली होती. एकानं दुसऱ्याच्या हातात गोटा द्यायचा. आपल्या गावी मारुतीचं देऊळ बांधलं तवा अशीच रांग होती, मी लहान होतो तरी दोन गोटे लावले होते. देवळाचं काम चालू असताना हात न लावता पुढं कोण जाते? म्हणून शिरलो रांगेत. ते लोक पाह्यत राह्यले. हा काळा माणूस कोण आला म्हणून. पण गोटा हातात देला. मंग मी हातासंगं ताल लागावा म्हणून विठ्ठल विठ्ठल सुरू केलं.

अण्णाजी : तिथी? त्याइच्यात?

चंद्रभान : त्याइले वाटलं आमच्याकडचं मजुराचं गाणं असन. तेही म्हणाले लागले. बिठ्ठल म्हणत, व येत नव्हता त्याइले.

कोकिळा : मंग पाद्री हासत होता ते त्याचंच?

चंद्रभान : हो. फोटो त्याच दिवशीचा, रांगेतून हातगाडीवर लावलं तवाचा. मंग मी दर रविवारी गेलो, दीड वर्ष. समजलं होतं तवा का हे त्याइचं देऊळ हाय. पण हात लावलेलं काम अर्धं कसं टाकायचं?

अण्णाजी : थांबा. कीर्तनात बुवा रडवते तवाच श्रोत्यानं खिसा सांभाळावा म्हणते. श्रम देले, ठीक. पण फोटो पेटीच्या तळाले लपवण्यासारखं याच्यात काही नाई. हे तर माणूस चौकात मिरवन. दुसरं काय देलं तुमी तिथी?

(चंद्रभान उपरण्यावरून खाली उतरतो.)

कोकिळा : काऊन उतरले?

चंद्रभान : तिथी उभं राहून हे सांगता येत नाई.

अण्णाजी : तिथीच सांगा. बसून सांगितलं तर मी ऐकणार नाई. कोकिळे, पिशवी घे.

चंद्रभान : घेऊ नको. चढतो. ... देवळाच्या भिंतीले बाहेरून नदीतले गोटे लावायचे ठरले होते. लाखो लागत होते. साऱ्या देशातून येत. कोणी पोत्यात आणे, कोणी रेल्वेनं, कोणी एकच रुमालात बांधून. आपापल्या नदीचा. हेलेनानं बापाच्या वावराजवळच्या ओढ्यातला आणला. ज्याच्या त्याच्या हातानं लावला. सारे लावून राह्यले अन् मी रिकाम्या हातानं उभा. अन् माह्याजवळ होता एक.

अण्णाजी : कोणता?

चंद्रभान : आईनं देलेला. आमच्या देवघरातला.

कोकिळा : धाम नदीचा? काळा? सासूबाई सांगत, रोज आंघोळ घालत होती म्हणून, तो?

चंद्रभान : तोच. मी निघालो तवा कुंकू लावून पेटीत ठेवला तिनं. म्हणे, परमुलखात एकटा राहू नको, देव ने. तो मी त्या भिंतीत लावला, मामाजी. दाराच्या उजव्या अंगाले, छातीइतक्या उंचीवर. कोणी सांगितलं नाई. कोणी मागितला नाई.

अण्णाजी : अन् आईले, विमलाबाईले, काय सांगितलं?

चंद्रभान : अर्धं सामान हरपलं म्हटलं. विमानतळावर. त्याच्यात देव गेला.

अण्णाजी : माउलीसंगं खोटं?

चंद्रभान : ते म्हणाली असती, माहा देव परक्याच्या भिंतीत चिणला. मले हिंमत झाली नाई. मंग सेवाग्रामच्या दवाखान्यात, शेवटल्या दिवशी, तिनं इचारलं, बापू, सापडला का रे देव? अन् मी म्हटलं, नाई सापडला.

कोकिळा : मी उशाशीच होती. मले वाटलं, वातात बोलून राह्यल्या.

चंद्रभान : हेच हाय तळाले. फोटो पाह्यला का तेच आठवते. म्हणून दाखवला नाई. आता उतरू का?

अण्णाजी : उतरा. ... मले पाणी दे वो, कोकिळे.

कोकिळा : घ्या.

अण्णाजी : जवाईबापू, मी काय पंडित नाई, ऐकून ऐकून जेवढं कानात राह्यलं तेवढंच माहं ज्ञान. कीर्तनात मी देवाले जनाईसंगं दळताना ऐकलं. चोख्यासंगं ढोरं ओढताना ऐकलं. तो भिंतीत गेला त्याचं मले वाईट वाटत नाई. काम निघालं असन म्हणून गेला. पण आईले तुमी जे सांगितलं, त्याचा निवाडा मी करणार नाई. तो माह्या पोरीनंही करू नये. ते तुमचं अन् त्या माउलीचं.

चंद्रभान : हो.

अण्णाजी : तुमी बाटले नाई. तेवढं मले पटलं.

कोकिळा : मले अजून नाई पटलं. मंग हे काय? आज सकाळी आलं. तुमी दुकानात होते, मी घेतलं. पाहा बाबा, पाकीट कोणी तरी फाडून डिंकानं चिकटवलं. वर हा शिक्का. याइच्या मागं पोलीस हायत!

अण्णाजी : आपल्याकडचा शिक्का नाई हा. जवाईबापू?

चंद्रभान : तिकडचा. गेल्या डिसेंबरात तिकडे फौजेचं राज्य आलं. भट्टीवर संप होता, रणगाडे आत घुसले. तवापासून सरकारचा माणूस साऱ्याइचे कागद उघडून वाचते, मंग पुढं धाडते.

कोकिळा : मोठ्यानं वाचा. मराठीत.

चंद्रभान : "प्रिय चंद्रू, ... आमच्याकडे थंडी लवकर आली. माहा यान अजून आतच हाय." यान म्हणजे तिचा पोरगा, क्रेनवर होता, संपातून धरून नेला. "अकरा महिने झाले. मागच्या महिन्यात एक वीस वर्षाचा पोरगा गोळीनं गेला. त्याच्या मयतीले एवढे लोक होते का रस्ता दिसत नव्हता. आमी देवळातच जमतो, दुसरीकडे जमू देत नाईत. पोलीस पाण्याचा मारा करतात तवा भिंतीचे गोटे ओले होतात. आत जाताना मी तुह्या नदीवर हात ठेवतो. तुमच्याकडे अशा वेळी काय गातात, ते लिहून पाठव."

कोकिळा : ... थांबले काऊन?

चंद्रभान : एवढंच हाय. खालच्या दोन ओळी कोणी तरी काळ्या शाईनं मिटवल्या.

अण्णाजी : कागद-लेखणी आणा.

कोकिळा : बाबा, यष्टी भोंगा वाजवून राह्यली. निघायचं का नाई?

अण्णाजी : तुले जायचं हाय?

कोकिळा : मी चहा ठेवतो.

अण्णाजी : लिवा, जवाईबापू. बोरगावच्या अण्णाजीचा हेलेनाबाईले दंडवत. अशा वेळी आमच्याकडे काय गातात ते एका कागदात मावत नाई. येत्या सप्त्यात बुवाले सांगून तुमच्या यानच्या नावानं गजर करवतो, साऱ्या गावाकडून. झालं लिवून?

चंद्रभान : झालं. पण मामाजी, हेही तो मधला माणूस उघडून वाचन.

अण्णाजी : रोज लोकाइचं दुःख वाचते अन् काळी शाई फिरवते. घरी गेल्यावर त्याले जेवण कसं जात असन? ... त्यालेही रामराम लिवा.

चंद्रभान : त्याले? कुठी लिवू?

अण्णाजी : सगळ्यात वर लिवा. पह्यले तोच वाचन.