नाजूक न्हाई, भांडखोर

उरवड्याच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत रत्नाबाई नातीच्या दंडावर उठलेल्या गांधी निरखत होती.

“रेश्मा, पित्तच हाय हे. आमसूल चोळलं की बसंल.”

“पित्त न्हाई आज्जी, ॲलर्जी. माझ्या अंगातली राखण शेंगदाण्यालाच चोर समजून लढाय उठती. मागं घसाच सुजला हुता.”

“उद्या पाव्हणे बघाया येत्यात. शेंगदाण्याच्या लाडवाचा एक घास खा, न्हाईतर पोरगी नाजूक म्हणतील.”

“नाजूक? उलट लई भांडखोर हाय. घास खाणार न्हाई. डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन पाव्हण्यांना दावणार. श्वास अडला तर मांडीत टोचायचं. ज्याला शिकायचं न्हाई, त्यानं उठावं.”

रत्नाबाईनं पदर खोचला.

“आदी मला शिकीव. पाव्हण्यांना उठवायचं मी बघते.”