हिलशाचं डोकं

कोलकात्यातल्या प्राण्यांच्या दवाखान्यात पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसलेल्या हैमंतीचे कान शेजारच्या दोन बायकांकडे लागले होते; एकीच्या पायाशी मांजराची टोपली होती.

“बोक्याला काय झालं, दिदी?”

“अजीर्ण! जमाईषष्ठीला जावयाला जेवायला बोलावलं होतं. मी पंख्यानं वारा घालतेय, तर हा मधेच घुसला आणि ताटातलं हिलसा माशाचं डोकं घेऊन पसार!”

“अगंबाई, जावयाच्या मानाचं डोकं! मग?”

“मग काय, जावईबापू ताटावरून उठले. म्हणाले, ‘या घरात एकतर तो राहील, नाहीतर मी!’”

“म्हणून टोपली रिकामी? दिलात सोडून बिचाऱ्याला?”

“छे हो! तो बघा कोपऱ्यात.”

हैमंतीनंही मान वळवली. कोपऱ्यात जावईबापू बोक्याला मांडीवर घेऊन ताडाच्या पंख्यानं वारा घालत होते.