दिवंगत सभासदाकडील पुस्तक

चहा येईपर्यंत, शुक्रवार पेठेतील आमच्या वाचनालयावर नवे छप्पर कसे आले ते सांगतो. जुने इतके गळत होते की, पावसाळ्यापूर्वी पत्रे बदलले नसते तर वाचनालय बंदच करावे लागले असते. म्हणून मी एका उद्योजक कुटुंबाच्या प्रतिष्ठानाकडे अर्ज केला. प्रतिष्ठान दिवंगत वडिलांच्या नावाचे. विश्वस्त म्हणजे दोन मुलगे आणि त्यांच्या मातोश्री.

त्यांच्या बंगल्याच्या फाटकाशी आमचे चिटणीस रशीदभाई म्हणाले, "काका, त्यांच्या वडिलांची तारीफ करा. बाकी काय बोलू नका."

आत थोरल्या मुलाने विचारले, "वडिलांचा आपल्या संस्थेशी काही संबंध होता का?"

असत्य बोलणे मला जमत नाही. मी म्हणालो, "ते आमचे सभासद होते. नोंदवहीनुसार एक पुस्तक त्यांनी अद्याप परत केलेले नाही. तीनदा लेखी कळवले होते."

रशीदभाईंनी डोळे मिटून घेतले. धाकट्याने आमचा अर्ज बाजूला सारला.

मातोश्रींनी तो पुन्हा पुढे ओढला. "ऱ्हाऊ दे की. आजवर समद्यांनी अर्जात ह्यांना देवमाणूस लिवलं. कुणाबद्दल लिवत्यात, मला कळायचंच न्हाय. माझ्या नवऱ्याला वळखलं ते ह्या भाऊंनीच. पत्रे घालून द्या त्यांना."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या पुस्तकाचं मातर इसरा. माढ्याच्या वाचनालयाला ह्यांनी ते देणगी म्हणून दिलं. सोताच्या हातानं तेवढंच दान केलं त्यांनी."