माह्या दारापुढचा झोका

माहं माहेर जळगाव जामोदच्या वरतं, सातपुड्याच्या पायथ्याले. आमच्या दारातून डोंगर दिसे. लगन होऊन या गावात आली तं जिकडं पाहा तिकडं कपाशीचे वावरं आन मोकळं आभाळ, पहिले काही महिने मले वाटे घराची एक भिंतच कोनी काढून नेली. हे गाव धामनगाव बढ्याच्या अंगाले, बाजार तिथलाच, दवाखाना तिथलाच. लगनात मी सोळाची असन नाहीतं सतराची, लिहून कोन ठेवते. माहा बाप दरसाल आखाजीले दोन एसट्या बदलून मले आनाले ये. आखाजी म्हन्जे तुमची अक्षय्य तृतीया हो ताई, आमच्याकडं सासरवाशिनीचा तोच मोठा सन, लेक माहेराले आलीच पाहिजे आन झोक्यावर बसलीच पाहिजे. लेकीले आनाले जो येते त्याले मुऱ्हाळी म्हनते. बाप होता तवर माहा मुऱ्हाळी होता. तो गेला, मंग एक साल भाऊ आला, दुसऱ्या साली त्याचा फोन आला, ताई यंदा उन्ह लय हाये, तुले तरास होईन, पुढच्या साली पाहू. मी म्हटलं हाव बाप्पा, खरंच उन्ह लय हाये. आता उन्ह तं आमच्या जिल्ह्यात दरसालच लय असते ना. समजलं मले. मंग मी आखाजीले कोनाची वाट पाहनं सोडून देलं.

मूलबाळ आमाले झालं नाही. त्याच्यावर बोलासारखं आता काही राह्यलं नाही. बुलढान्याले दाखवलं, अकोल्याले दाखवलं, लोकायनं जे सांगतलं ते केलं, आन एक दिवस आमच्या घरचे म्हने, पुरे झालं आता, आपन दोघं काय कमी हाओ का. गवंडीकाम करत ते. बोलनं कमी, पन बोलले का माहा राग उतरून जाये, आन राग तं माह्या नाकावरच असते, गावात कोनालेही इचारा. दोघं होतो तवर खरंच कमी नव्हतो. मंग एक दिवस सकाळी कामावर गेले आन दुपारी चौघं जन त्यायले बाजंवर घेऊन आले. तवापासून या घरात बोलाले मी आन आयकालेही मीच.

झोक्याचं सांगत होती ना. आमच्या दारापुढं कडूनिंब हाये, कवाचा हाये कोनाले मालूम नाही, सासू म्हने ती लगन होऊन आली तवाही येवढाच होता. त्याची एक फांदी रस्त्याच्या अंगाले आडवी गेलेली, चांगली मांडीयेवढी जाड. गावात दुसरे निंब हायेत, पन आखाजीचा झोका तिथीच बांधत. आदल्या दिवशी आमच्या घरचे वर चढून दोर बांधत, सोता दोनदा बसून पाहत, मंग खाली उभे राहून म्हनत, या गं बायांनो. ते गेल्यावर गल्लीतले पोट्टे बांधाले लागले. आन ते दोन दिवस, काय सांगू तुमाले, माह्या घराची यात्रा होऊन जाये. कोनी पानी मांगे, कोनी लेकरू झोपवाले आनून टाके, कोनी म्हने काकू तुमची चटई द्या, कोनी आरशापुढून हटेच ना, एक तं झोक्यावर हासे आन माह्या सैपाकघरात येऊन सासूच्या नावानं रडे, रडून झालं का तोंड धुवून पुन्हा झोक्यावर. मी कटकट करो, अवं माहा माठ रिकामा केला तुमी, तुमच्या मायच्या घरी पानी नाही का. त्या हासत. मी कटकट केली नसती तं त्यायलेही करमलं नसतं. बाकी सालभर माह्या ओट्याखाली माह्या दोन चपला, आन त्या दोन दिवसांत पाय ठेवाले जागा नाही इतक्या चपला. मले लय चांगलं वाटे ते पाहून. कोनापाशी बोलली नाही कधी, तुमाले सांगून राह्यली.

ग्रामपंचायतीची मेंबर कशी झाली तेही आयका. आमच्या वार्डाची जागा बायांची सुटली. तं दोघी-तिघी उभ्या राहनार होत्या, म्हन्जे तेयचे नवरेच उभे राहनार होते, बायकोच्या नावानं. तेयचं आपसात जमलं नाही. मंग मोठे लोक म्हने, वच्छलाबाईले उभं करा, तिच्या मांगं ना कोनी नवरा ना लेक, कोनाची बाजू घेनार नाही, सांगतलं तिथी सही करन. बिनविरोध झाली मी. पहिल्या मीटिंगले गेली तं ग्रामसेवक दाराकडं पाहे, म्हने सोबत कोनी आलं नाही का. मी म्हटलं, मीच आली ना बाप्पा, आखीन कोन पाहिजे. सही करते मी, पन वाचून घेते आधी, आन वाचलं का दोन गोष्टी इचारते. तं आता ते मले सगळ्याच्या आधी चहा देते, म्हन्जे तोंड त्याच्यात गुंतून राहीन.

मागच्या साली काय झालं, गावात नळयोजना आली. तिच्या मोटरीसाठी लाईनवाल्यायनं नवे खांब रोवले आन तार निंबाच्या बाजूनं काढली. कोनाले काही वाटलं नाही, तार तशी दूर दिसे. पन आखाजीचा झोका म्हन्जे लेकरायचा पाळना नव्हे. दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहते, वाकून वाकून असा चढवते का झोका पार फांदीच्या बरोबरीनं जाते. माह्या शेजारी रुख्माबाई राहते, तिची लेक रेश्मा, मलकापूरले देलेली, लगनानंतरची तिची पहिली आखाजी. झोका वर गेला आन तिची पिवळी ओढनी उडून तारेत अडकली. झोका मांगं आला, ओढनी आली नाही. गळ्याले फास बसला पोरीच्या. पापनी लवते तितक्यात झालं सगळं, ओढनी टरकन फाटली आन पोरगी खाली. मी माठातून पानी काढून राह्यली होती, तांब्या तिथीच टाकून धावली. डोळे उघडे होते तिचे, गळ्यावर लाल वळ, खांद्याचं हाड मोडलं होतं. जीव वाचला, कारन लाईन गेली होती. दुपारची लाईन आमच्याकडं जातेच, रोज आमी शिव्या देतो. पोरीले गाडीत टाकून धामनगावले नेलं आन मांगं आमी बाया तिथीच उभ्या, बोलून राह्यलो, कोनी रडून राह्यलं, आन तितक्यात लाईन आली. घराघरातले पंखे सुरू झाले. सगळ्या बायायनं एकदमच वर तारेकडं पाह्यलं. कोनी कोनाच्या तोंडाकडं पाहे ना.

ओढनीचा एक चिंधा तारेवर तसाच राहून गेला. पावसानं भिजला, उन्हानं इटला, पिवळ्याचा पांढरा झाला, पन निंघाला नाही. रोज सकाळी दार उघडलं का पहिले मले तोच दिसे.

तं यंदा आखाजीच्या आधी मीटिंग भरली. ग्रामसेवकानं विषय वाचला, सनाच्या काळात घ्यावयाची खबरदारी. उन्हात लेकरायले सोडू नये, चुलीजवळ कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या ठेवू नये, हिरीवर पोहाले जाऊ नये, असं सगळं झालं, आन मंग झोक्याचा विषय निंघाला. एक जन म्हने, खांब सरकवाचा अर्ज देलेला हाये, होईन कवातरी. सरपंच म्हने, फांदी तोडून टाकू, म्हन्जे तिथी कोनी बांधनारच नाही, आन शाळेच्या पटांगनात लोखंडी खांब रोवून झोका तिथी बांधू, पैसा बसते त्याले. तं दुसरे दोघं बिघडले, म्हने इतक्या पिढ्यायचा झोका, तिथून काऊन हालवाचा, आखाजीले दुपारची लाईन नसतेच, कायची चिंता. आता बोला. ज्या लाईनच्या नावानं मोर्चा नेला होता तिच्याच भरवशावर पोरी झोक्यावर चढवाच्या. मंग एक जन शहान्यासारखं बोलला, म्हने आपन लाईनमनले सांगून ते दोन दिवस लाईन बंदच ठेवू, फांदीही राहीन आन झोकाही राहीन. सगळ्यायले पटलं. सरपंच माह्याकडं पाहून म्हने, झाड काकूच्या दारातलं हाये, काकू म्हनतीन तसं लिहू.

खरं सांगू का ताई, मलेही तेच पाहिजे होतं. लाईन बंद ठेवा, झोका राहू द्या, इतकं तोंडापर्यंत आलं होतं. शाळा गावाच्या त्या टोकाले. झोका तिथी गेला म्हन्जे माह्याकडं कोन येनार, आन कायले येनार. पोरी माह्यासाठी थोडीच येत होत्या, झोक्यासाठी येत होत्या, मी काही खुळी नाही, मले ते पहिल्यापासून मालूम होतं. पन वर्सातले दोन दिवस मी ते मनावर घेत नव्हती.

चहा थंडा झाला. मंग मी म्हटलं, लाईनमन बंद करन हो, पन कोन्या घरी लेकरू उकाड्यानं रडलं आन कोनी जाऊन सुरू करून देली, तं झोक्यावरच्या पोरीले सांगाले कोन धावन. मी चहाचा कप बाजूले सारला. मी म्हटलं, तोडा फांदी. झोका शाळेत न्या. ग्रामसेवक म्हने हात वर करा, तं पहिला हात माहाच, मंग सगळ्यायचे. ठरावावर सूचक म्हनून माहं नाव लिहलं त्यायनं. घरी आली, सैपाक केला नाही. लय रडली मी. आमच्या घरचे गेले तवा घरात लोक होते, रडालेही लाज वाटे. या वेळेस पाहाले कोनी नव्हतं.

चार दिवसांनी दोघं जन कुऱ्हाडी घेऊन आले, लाईन बंद करून फांदी तोडली, चिंधाही त्यायनंच काठीनं काढला. आता दुपारी उन्ह सरळ ओट्यावर येते, बसाची सोय राह्यली नाही. भोंग्यावर सांगाचं काम शिपायाचं, पन सरपंच म्हने बायांचा विषय हाये, काकू तुमीच सांगा. तं सांगतलं मी, आयका हो बायांनो, यंदापासून झोका शाळेच्या पटांगनात बांधला हाये, तिथीच जाजा, ओढन्या-पदर कंबरेले खोसून बसा, आन लेकरं झोक्याच्या मांगं उभे करू नका. शिपाई म्हने काकू आवाज लय दमदार हाये तुमचा. 

आखाजीच्या दिवशी मेंबर म्हनून गेली शाळेत. पोरी चांगल्या बोलल्या, खोटं कायले सांगू. काकू आल्या, काकूले खुर्ची द्या, असं करून मले सावलीत खुर्ची देली, थंड पान्याची बाटली देली. रेश्मा आली होती, खांदा चांगला जुळला तिचा, ओढनी कंबरेले दोन गाठी मारून बांधलेली, झोका चढवला तं मले वरूनच हात केला. ते पाहून माह्या काळजावरचं ओझं उतरलं. पन खुर्चीवर मानूस किती येळ बसन. माह्यापाशी कोनी लेकरू आनून टाकलं नाही, कोनी म्हटलं नाही काकू तुमची चटई द्या. मान देला सगळ्यायनं आन आपापल्या झोक्याकडं गेल्या. मी घरी आली, दार लोटून आतमधी पडली. वाऱ्यासंगं शाळेतून हासनं आयकू ये, मधीच बंद होये, मधीच ये.

तिसऱ्या दिवशी पोरी सासरी निंघाल्या. दुपारपासून फाट्यावर मायलेकीयची गर्दी, डोळे पुसनं, पिशव्या, लोनच्याच्या बरन्या. मी गेली नाही, मी कोनाले गाडीत बसवून देनार. सांजच्याले उन्ह उतरलं तवा ओट्यावर येऊन बसली. आमच्याकडं फोन कानाले लावून कोनी बोलत नाही ताई, स्पीकर लावून बोलते, सगळ्या गल्लीले कळते कोनाच्या घरी काय भाजी झाली. तं पहिले रुख्माबाईचा फोन वाजला, माय पोचली व. मलकापूरची पोचली. मंग समोरच्या घरी वाजला, नांदुऱ्याची पोचली. मांगच्या घरची मोताळ्याची, ती तं जवळच, तिचा फोन कवाचाच येऊन गेला होता. एकच राह्यली होती, कोपऱ्यावरच्या घरची, तिले हिवरा आश्रमाच्या तिकडं देली, लय दूर, गाड्या बदलाच्या. तिची माय आतमधी निवांत भाकरी थापून राह्यली होती, मले आवाज ये. मी म्हनो बाई, इचार तरी पोरीले कुठपर्यंत गेली, पन मी कोन सांगनार. मलेही भाकरी टाकाची होती, पन उठवेना. दिवे लागले गल्लीत. मंग तिचा फोन वाजला, आन ती पोरगी म्हने, पोचली माय, आताच उतरली, लेकरू झोपलं हाये खांद्यावर.

मले कोनी फोन केला नाही, मी कोनाची माय हाओ. पन सगळ्या पोचल्या. सुखात राहो माय, आपापल्या घरी, आन दरसाल अशाच हातापायानं धड येवो आन धड जावो. मंग मी उठली आन दार लावलं.